पहिला पाऊस, एक बाटली आणि गोदावरीचा हिशोब

मागच्या जूनमधली गोष्ट. पाऊस सुरू झाला तेव्हा मी घरीच होतो. गाडी काढून नासर्डी पुलावर पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. पाणी भरपूर होतं, पण सुरुवातीचं काळपट, तेलकट पाणी तोवर पुढे निघून गेलं होतं. तरी बाटली भरली, लेबल लावलं, लॅबमध्ये नेली. सरांनी लेबलवरची वेळ बघितली आणि म्हणाले, "अरे, पाहुणे जेवून गेल्यावर पंगत मोजायला गेलास!"

माझ्या पीएचडीचा विषय या एका वाक्यात आला. नदीच्या प्रदूषणाचं नाव काढलं की आपल्याला गटाराचं सांडपाणी आणि सातपूर-अंबडचे कारखाने आठवतात. ते बरोबरच आहे. पण आणखी एक वाटा असतो आणि त्याला ना पाइप असतो, ना मालक. टायरची झीज, ब्रेकमधलं तांबं, पत्र्यावरचं जस्त, सांडलेलं ऑइल, बांधकामाची माती, कुत्र्यांची विष्ठा, नाल्यात टाकलेला कचरा. ऑक्टोबर ते मे हे सगळं रस्त्यावर आणि गच्चीवर साचत राहतं. मग पहिला जोरदार पाऊस येतो आणि आठ महिन्यांची साठवण काही तासांत नाल्यात जाते. याला 'फर्स्ट फ्लश' म्हणतात, म्हणजे पहिली धुवण.

आता हिशोब बघू. एका लिटरमध्ये किती घाण आहे ती संहती. ती एकूण पाण्याने गुणली की मिळतो 'लोड', म्हणजे नदीवर पडलेला एकूण बोजा. नुसत्या संहतीवर निष्कर्ष काढला तर फसायला होतं. नंतरचं पाणी डोळ्यांना स्वच्छ वाटतं, पण ते इतकं जास्त असतं की बोजा वाढतच राहतो. म्हणून एक बाटली पुरत नाही. पावसाच्या सुरुवातीपासून ठरावीक अंतराने नमुने घ्यायचे, सोबत प्रवाह मोजायचा आणि जास्त प्रवाहाच्या नमुन्याला जास्त वजन द्यायचं. त्यातून त्या पावसाची सरासरी संहती निघते. महिन्यातून एकदा घेतलेल्या नदीच्या नमुन्यात हा पाऊस सापडला तर सापडला, नाहीतर नाही.

शहर वाढतं तेव्हा काय होतं? एक हेक्टरचा द्राक्षमळा घ्या. त्यावर १० मिमी पाऊस पडला, म्हणजे १ लाख लिटर पाणी. अमेरिकेत १९८७ मध्ये मांडलेलं एक सोपं सूत्र आहे: वाहून जाणारा हिस्सा = ०.०५ + ०.००९ × झाकलेल्या जमिनीचे टक्के. मळ्यात १० टक्के जमीन झाकलेली धरली तर हिस्सा येतो ०.१४, म्हणजे १४ हजार लिटर. त्याच जागी प्लॉट पडले, काँक्रीट ८० टक्के झालं, की हिस्सा ०.७७, म्हणजे ७७ हजार लिटर. दोन्ही पाण्यांत लिटरमागे १५० मिलिग्रॅम गाळ आहे असं मानू. मळ्यातून २.१ किलो गाळ जाईल, वसाहतीतून साडेअकरा किलो. साडेपाच पट, तेही पाणी तेवढंच घाण आहे असं धरून! सूत्र तिकडचं आहे, त्यामुळे आपल्या काळ्या जमिनीसाठी ते तपासून घ्यावं लागतं. माझं काम तेच आहे. पण दिशा स्पष्ट आहे. २००१ ते २०११ मध्ये नाशिकची लोकसंख्या पावणेअकरा लाखांवरून जवळपास १४.८६ लाखांवर गेली आणि त्यानंतर किती मळ्यांचे लेआउट झाले ते आपण सगळे बघतोच आहोत.

याने फरक काय पडतो? नाशिकचा सिंहस्थ पावसाळ्यात येतो. २०१५ ची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली, २०२७ चीही त्याच महिन्यांत आहेत. गंगापूर रोड, आनंदवल्लीकडचे नाले रामकुंडाच्या वरच्या अंगाला गोदावरीला मिळतात. आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, असा निकष आहे. सांडपाण्याचा प्रत्येक थेंब केंद्रात नेला, तरी स्नानाच्या आदल्या रात्री पाऊस पडला तर रस्त्यांची धुवण घाटावर येणारच. नासर्डी रामकुंडाच्या खाली, टाकळीला मिळते. तिचा बोजा पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातो, जे रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्र आहे.

उपाय? पावसाळी गटार पाणी लवकर काढून देतं, आणि घाणही तितक्याच लवकर नदीत पोचवतं. त्यामुळे फक्त गटारं वाढवून भागणार नाही. काळी माती एकदा भिजली की पाणी सावकाश मुरतं, म्हणून सगळीकडे शोषखड्डे खणूनही चालणार नाही. पहिले १०-१५ मिमी पाणी अडवून गाळ बसू देणारी छोटी तळी नाल्यांच्या काठी हवीत. नाल्याकाठची गवताची पट्टी काँक्रीटखाली जाऊ नये. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मे अखेरीस रस्ते नीट झाडून तो कचरा उचलणं. झाडून नाल्यात ढकलणं नव्हे!

यंदा मी हवामान खात्याचा अंदाज बघून पुलाजवळच्या मित्राकडे मुक्काम ठोकलाय. चोवीस बाटल्या धुऊन तयार आहेत. पंगत बसायच्या आधी पोचायचं, एवढंच ठरवलंय.