सोसायटीतली मांजरं: उचलून नेली तरी परत का दिसतात?

एखाद्या सोसायटीत मला बोलायला बोलावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ही मांजरं उचलून कधी नेणार?" आज तिथूनच सुरुवात करू.

समजा, पार्किंगमधली दहा मांजरं कुणी पोत्यात भरून लांब सोडून आलं. चार दिवस शांतता. पण कचऱ्याचे डबे तिथेच आहेत, गाड्यांखालचा आडोसाही तिथेच आहे. मग शेजारच्या गल्लीतली मांजरं येतात आणि मागे राहिलेल्या माद्या वीत राहतात. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवडे. एका वेळी बहुधा तीन ते पाच पिल्लं. पाच महिन्यांची मादीसुद्धा गाभण राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. आता हिशेब तुम्हीच करा.

आणि एक गोष्ट कुणी बघत नाही. एका सोसायटीत जिन्याखाली चार पिल्लं सापडली. त्यांची आई दोन दिवसांपूर्वी 'हलवली' होती. त्यातलं एकच वाचलं.

मग करायचं काय? पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याच जागी परत सोडायचं. मांजरं तिथेच राहतात, पण नवीन पिल्लं होत नाहीत. बोक्यांच्या मारामाऱ्या, रात्रीचं ओरडणं, जागोजागी मुतून वास सोडणं, हेही बरंच कमी होतं.

पकडण्याची घाई करू नका. आधी मोजा, फोटो काढा. आठवडाभर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खायला द्या. मग तेच खाणं पिंजऱ्यात ठेवा, दार उघडं बांधून. सुकटीच्या वासाला भलेभले बोके फसतात! पकडायच्या दिवशी दार मोकळं करायचं. मांजर आत गेलं की लगेच पिंजऱ्यावर चादर टाका. अंधार झाला की ते शांत होतं. ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं, हे डॉक्टरांना विचारा. मादीची आचळं भरलेली दिसली तर थांबा, पिल्लं शोधा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, ते काही उगाच म्हणत नाहीत.

भूल दिलेली असतानाच डॉक्टर एका कानाचं टोक सरळ कापतात. ती खूण. ती दिसली की समजायचं, हिचं झालंय, पुन्हा पकडायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दहातल्या तिघींची नसबंदी करून थांबलात, तर बाकीच्या माद्या ती कसर भरून काढतात. म्हणून वर्षभर रेंगाळण्यापेक्षा एक-दोन महिन्यांत शक्य तितकी सगळी उरका. नंतर नवीन कोण आलं, यावर लक्ष ठेवा.

खायला घालणाऱ्यांनाही सांगते. मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्यापासून लांब घाला, अर्ध्या तासात उरलेलं उचला. मांजरांवरचा निम्मा राग खरं तर त्या सांडलेल्या भातावरचा असतो.

आणि घरचं मांजर नकोसं झालं म्हणून रस्त्यावर सोडणं? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो.

तेव्हा आज घरी जाताना एवढंच करा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं थांबा आणि कान बघा. किती कापलेले, किती अख्खे? तुमचं काम त्या आकड्यापासून सुरू होतं.