नोंदणी आणि मालकी

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं जागा बहुधा वाडवडिलांची असे, आणि गृहस्थाची कसोटी लागे ती चुना, वीट आणि गवंडी यांच्याशीं गांठ पडल्यावर. शहरांतील आजच्या गृहस्थाची कसोटी निराळी आहे. भिंती त्याला तयार मिळतात. पारखून घ्यावयाचा असतो तो कागद. आयुष्यभराची शिल्लक, घरांतील दागिने आणि वीस वर्षें फेडावयाचें कर्ज हें सारें तो ज्या कागदाच्या भरंवशावर मोजतो, त्या कागदाविषयीं त्याची समजूत मात्र बहुधा एका वाक्याची असते: ‘रजिस्ट्रेशन झालें, आतां काळजी नाहीं.’ ही समजूत निम्मी खरी आहे. आणि निम्मी खरी असल्यामुळेंच ती अधिक घातक आहे.

तिचा खरा भाग आधीं ध्यानांत घेणें इष्ट होईल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमान्वयें १०० रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीची स्थावर मिळकत विकावयाची झाल्यास ती नोंदलेल्या दस्तानेंच विकतां येते. शंभर रुपयांत आज शहरांत वीतभर जागाहि येत नाहीं. तेव्हां प्रत्येक खरेदीखत नोंदलेंच पाहिजे, असा त्याचा व्यवहारांतील अर्थ. विसारपावती किंवा साठेखत हें विक्रीचें वचन होय, विक्री नव्हे. त्यानें मिळकतींत हक्क उत्पन्न होत नाहीं, असें तेंच कलम बजावतें. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमांत सक्तीनें नोंदावयाच्या दस्तांची यादी आहे, आणि ४९ वें कलम न नोंदण्याचें फळ सांगतें. असा दस्त त्या मिळकतीवर परिणाम करीत नाहीं, आणि कांहीं अपवाद सोडल्यास त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून न्यायालयांत चालत नाहीं.

मुद्रांकाचा खर्च वांचविण्यासाठीं कित्येक ठिकाणीं खरेदीखत न करतां केवळ मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांच्या आधारें जागा विकण्याची चाल पडली होती. २०११ सालीं सूरज लॅम्प कंपनी विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, अशा कागदांनीं मालकी जात नाहीं व येत नाहीं. मुखत्याराला मालकाच्या वतीनें खरेदीखतावर सही करतां येते. पण मुखत्यारपत्र हेंच खरेदीखत होऊं शकत नाहीं.

नोंदणीचा दुसरा लाभ प्रसिद्धीचा आहे. स्थावर मिळकतीसंबंधीं दस्त कचेरीच्या पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकांत उतरविले जातात, आणि त्यांच्या सूची केल्या जातात. एक सूची माणसांच्या नांवांची, दुसरी मिळकतींची. आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं असलेला ‘इंडेक्स टू’ तो हाच. ठराविक फी भरून हें पुस्तक व त्याच्या सूची कोणासहि पाहतां येतात. म्हणूनच, नोंदलेल्या दस्ताची खबर सर्वांना आहे असें कायदा धरून चालतो. ‘मला ठाऊक नव्हतें’ ही सबब मग मागाहून घेणाऱ्यास सांगतां येत नाहीं.

आतां समजुतीचा दुसरा भाग. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेमकें काय तपासलें जातें? दस्तावर पुरेसें मुद्रांक शुल्क भरलें आहे काय, मिळकतीचें वर्णन ओळखतां येण्याजोगें आहे काय, दस्त मुदतींत व योग्य कचेरींत दाखल झाला आहे काय, समोर उभे असलेले लोक तेच आहेत काय, आणि सही आपलीच असल्याचें ते कबूल करतात काय. त्यांचीं छायाचित्रें व बोटांचे ठसे घेतले जातात. परंतु लिहून देणारा त्या मिळकतीचा खरोखर मालक आहे काय, हा प्रश्न त्या टेबलावर सोडविला जात नाहीं. कायद्यानें नोंदणीस मनाई केलेले कांहीं प्रकार सोडले, तर तो सोडविण्याचा अधिकारच तेथें नाहीं. तमिळनाडूनें मालकीचा मूळ दस्त दाखविल्यावांचून नोंदणी करूं नये असा नियम केला होता. तो १९०८ च्या कायद्याशीं विसंगत म्हणून सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२५ मध्यें रद्द ठरविला, आणि मालकीची चौकशी हें निबंधकाचें काम नव्हे, असें सांगितलें. आपल्या देशांत नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. अमुक माणसानें अमुक दिवशीं अमुक लिहून दिलें, एवढ्याच गोष्टीची ग्वाही ती नोंद देते. त्याला तें लिहून देण्याचा हक्क होता कीं नाहीं, याविषयीं ती मौन धरते.

या मौनाची किंमत किती पडते, हें एका कल्पित पण नित्याच्या उदाहरणावरून कळेल. पुण्यांतील एका सहकारी गृहसंस्थेंत एका हिंदु गृहस्थाची स्वकष्टार्जित सदनिका आहे. तो मृत्युपत्र न करतां वारतो. त्याची आई व पत्नी आधींच निवर्तल्या आहेत. मागें एक मुलगा आणि दोन विवाहित मुली. संस्थेच्या दप्तरीं मुलाचें नांव नामनिर्देशित म्हणून लावलेलें, तेव्हां भागाचा दाखला मुलाच्या नांवें होतो. तो सदनिका विकतो. खरेदीखत होतें, मुद्रांक भरला जातो, नोंदणी बिनतक्रार पार पडते. परंतु १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें तिघांचे वांटे सारखे. नामनिर्देशन हें संस्थेनें कोणाशीं व्यवहार करावा एवढ्यापुरतें असतें. त्यानें वारसांचा हक्क बुडत नाहीं. मुलाजवळ तिसरा हिस्सा होता. त्याला विकतां आला तोहि तेवढाच. जें आपलें नाहीं तें दुसऱ्यास देतां येत नाहीं, हा न्याय नोंदणीच्या शिक्क्यानें बदलत नाहीं. दोन वर्षांनीं बहिणी न्यायालयांत गेल्या, तर पुरी किंमत मोजलेल्या घेणाऱ्याच्या हातीं एक निर्दोष नोंदलेला दस्त असेल आणि घराचा एक तृतीयांश भाग असेल. दोघी बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घेतल्या असत्या, किंवा त्यांनीं नोंदलेलें हक्कसोडपत्र आधीं करून दिलें असतें, तर हा प्रसंग आला नसता.

म्हणून खरें काम नोंदणीच्या दिवसापूर्वीं असतें, आणि तें विसार देण्याआधीं व्हावयास हवें. पहिली गोष्ट शोधाची. वकील सूचीचीं ३० वर्षांचीं पुस्तकें पाहून शोध अहवाल देतात. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें ३० वर्षें ठेवली आहे. तेवढें मागें गेल्यास बहुतेक जुने हक्क उजेडांत येतात. दुसरी गोष्ट मूळ दस्तांची. पहिल्या घेणाऱ्यापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंतची दस्तांची सांखळी अखंड असावी, आणि ती नकलांतून नव्हे तर मूळ कागदांतून पाहावी. याचें कारण सूक्ष्म आहे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत केव्हांहि नोंदतां येतो, आणि नोंदल्यावर त्याचा अंमल सहीच्या दिवसापासून धरला जातो. तेव्हां आज सूची स्वच्छ दिसली, तरी गेल्या महिन्यांत सही झालेला व अद्याप न नोंदलेला एखादा दस्त कोणाच्या तरी कपाटांत असूं शकतो. मूळ कागद विकणाऱ्याजवळ नाहींत, असें दिसलें कीं ते कोठें आहेत हें विचारलेंच पाहिजे. बहुधा ते बँकेंत असतात. केवळ मूळ कागद ठेवून घेऊन केलेलें गहाण पूर्वीं सूचींत दिसत नसे. महाराष्ट्रांत आतां अशा गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आंत निबंधकाकडे दाखल करावी लागते, म्हणून शोधांत तीहि पाहावी.

तिसरी गोष्ट, मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती आणि संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला. चौथी, वर्तमानपत्रांतील जाहीर नोटीस. तींत हरकत घेण्यास सामान्यतः चौदा-पंधरा दिवस दिलेले असतात. नोटिशीनें खरा हक्क नष्ट होत नाहीं. पण घेणाऱ्यानें योग्य ती सावधगिरी बाळगली, याचा तो पुरावा होतो, आणि कित्येकदां दूरचा वारस तीमुळेंच पुढें येतो.

पैशाचा हिशेबहि आधींच मांडून ठेवावा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणें येणारी किंमत, यांपैकीं जी अधिक असेल तिजवर बसतें. पुणें शहरांत हा दर शेकडा ७ आणि मुंबईंत शेकडा ६ असा आहे. निवासी जागा केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास त्यांत शेकडा १ ची सूट मिळते. हे दर शासन बदलूं शकतें, म्हणून व्यवहाराच्या वेळीं ते ताडून पाहावे. नोंदणी फी शेकडा १, पण अधिकांत अधिक ३०,००० रुपये. पुण्यांतील सदनिका ६० लक्षांस ठरली आणि तक्त्याप्रमाणें तिची किंमत ६४ लक्ष निघाली, तर शुल्क ६४ लक्षांवर म्हणजे ४,४८,००० रुपये. फी धरून ४,७८,००० रुपये. शिवाय विकणारा भारतांतील रहिवासी असून किंमत ५० लक्ष वा अधिक असेल, तर घेणाऱ्यानें शेकडा १ प्राप्तिकर कापून सरकारांत भरावयाचा असतो. शुल्क वांचविण्यासाठीं किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोख देण्याचा सल्ला मिळाला, तर तो ऐकूं नये. व्यवहार फिसकटल्यास दस्तांत लिहिलेली रक्कमच परत मागतां येते. न लिहिलेल्या रकमेचा पुरावा देणें घेणाऱ्यासच जड जातें.

नोंदणीच्या दिवशीं सर्व कबुलीदारांनीं स्वतः हजर राहावें. आपापलीं नांवें, क्षेत्रफळ, मजला, चतुःसीमा हें सारें सही करण्यापूर्वीं शब्दशः वाचावें. कारण नोंदलेल्या दस्तांतील चूक पुसून दुरुस्त होत नाहीं, तीसाठीं निराळा चूकदुरुस्ती दस्त करून तोहि नोंदावा लागतो. चार महिन्यांची मुदत अपरिहार्य कारणानें टळली, तर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून परवानगी मिळूं शकते. तो दंड नोंदणी फीच्या दसपटीपर्यंत जातो.

विकासकाकडून नवी सदनिका घेणाऱ्यांस आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें, नोंदलेला करार करून दिल्यावांचून विकासकास किंमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. दुसरें असें कीं, सदनिकेचा करार नोंदला म्हणजे इमारतीखालील जमीन आपली झाली असें नव्हे. ती संस्थेच्या नांवें करून देणारें अभिहस्तांतरणपत्र निराळें व्हावें लागतें. विकासक तें टाळूं लागल्यास, १९६३ च्या महाराष्ट्रातील सदनिका कायद्यांत २००८ सालीं झालेल्या सुधारणेमुळें संस्थेस सक्षम अधिकाऱ्याकडून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवितां येतें. इमारत जुनी होऊन पुन्हा बांधण्याची वेळ आली, म्हणजे या एका कागदाची किंमत साऱ्या सभासदांस कळते.

नोंदणीनंतर मिळकत पत्रिकेवर, घरपट्टीच्या दप्तरांत व गृहसंस्थेंत नांव लावून घ्यावें. मात्र तीं दप्तरें कराच्या व कारभाराच्या सोयीसाठीं ठेवलेलीं आहेत. त्यांत नांव चढल्यानें मालकी येत नाहीं, जसें उपर्युक्त उदाहरणांतील मुलास ती आली नाहीं.

चार-पांच लक्ष रुपये मुद्रांकापायीं मुकाट्यानें भरणारा गृहस्थ शोधाच्या फीबद्दल मात्र वकिलाशीं घासाघीस करतो, किंवा विकणारा ओळखीचा आहे म्हणून शोधच टाळतो. मुद्रांक व फी भरून त्याला आपल्या दस्ताची कायमची नोंद मिळते, आणि तिचें मोल मोठें आहे. परंतु त्या दस्तांत जें विकलें आहे तें विकणाऱ्याचें होतें कीं नाहीं, याचें उत्तर त्याला शोधाच्या अहवालांत व जुन्या मूळ कागदांतच मिळेल. तीं दोन्हीं हातीं आल्याखेरीज विसाराचा रुपया देऊं नये.