रेंज गेल्यावरही चालणारा वाटाड्या

ओमानचे क्षेत्रफळ जवळजवळ महाराष्ट्राएवढे, सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र अर्ध्या कोटीच्या आसपास, तीही बरीचशी मस्कत आणि किनारपट्टीवर. त्यामुळे वाळवंटात किंवा हजर पर्वताच्या घळींमध्ये मोबाईलची रेंज ठिकठिकाणी जाते. नकाशा, हॉटेल, प्रेक्षणीय स्थळे, हवामान हे सगळे एकत्र देणारे प्रवासी ॲप इथल्यासाठी बनवायचे, तर पहिला प्रश्न हाच: इंटरनेट नसताना त्यातले काय चालेल?

आपण कुठे आहोत हे कळायला इंटरनेट लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन स्वतःच गणित करून जागा काढतो. तिघांवरून जागा ठरते. चौथा लागतो तो फोनच्या घड्याळातला फरक दुरुस्त करण्यासाठी. रेंज नसेल तर सुरुवातीला थोडा वेळ जातो. उपग्रहांच्या कक्षेची माहिती एरवी इंटरनेटवरून झटकन मिळते. रेंज नसताना ती उपग्रहाकडूनच, सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने घ्यावी लागते.

नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवायला हवा. चित्ररूप नकाशाचे चौकोनी तुकडे झूमच्या प्रत्येक पायरीला चौपट होतात. सहा पायऱ्यांत एकाचे ४,०९६. म्हणून आता रस्ते आणि गावे रेषा-बिंदूंच्या रूपात साठवतात आणि चित्र फोन काढतो. त्यामुळे जागा खूपच कमी लागते. नमाजाच्या वेळा तर साठवायलाही नकोत. अक्षांश, रेखांश आणि तारखेवरून सूर्याचे स्थान काढले की त्या मिळतात.

अवघड भाग पुढेच आहे. साठवलेली माहिती शिळी होते आणि प्रत्येक माहितीचा शिळे होण्याचा वेग वेगळा असतो. डोंगर तिथेच राहतो, रस्ता काही वर्षांनी बदलतो, किल्ल्याच्या किंवा संग्रहालयाच्या वेळा रमजानात बदलतात. वादीतल्या पुराचा इशारा मात्र काही मिनिटांतच निरुपयोगी होऊ शकतो.

वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीचे पात्र. हजर पर्वताचा उघडा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला की सगळे पाणी अरुंद घळीत उतरते, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा ऊन असू शकते. १४ एप्रिल २०२४ रोजी समद अल-शान भागात आलेल्या पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले.

आता समजा, तुम्ही वादी शाबच्या घळीत आहात, रेंज नाही आणि ॲपवर सकाळचे सूर्याचे चित्र तसेच हसते आहे. ही माहिती खोटी नाही, पण जुनी आहे, आणि वाचणाऱ्याला ती ताजी वाटते. म्हणून चांगल्या ॲपने तिथे स्पष्ट लिहावे: ‘शेवटची माहिती सकाळी ७.३० ची. पुढचे ठाऊक नाही.’ रेंज संपणाऱ्या टप्प्याआधीच ताजा अंदाज उतरवून घ्यावा. अक्षांश-रेखांश मोठ्या आकड्यांत दाखवावेत, म्हणजे थोडी रेंज मिळताच ९९९९ या आपत्कालीन क्रमांकावर ते वाचून सांगता येतील.

फिरायला निघण्यापूर्वी तुमचे ॲप एकदा फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकून उघडून पाहा. हवामानाच्या आकड्याशेजारी वेळ दिसत नसेल, तर वादीत उतरायचे की नाही हे त्या आकड्यावरून ठरवू नका.