विरोधी मत किती सोसते, हे मोजायचे कसे?

ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाब पट्टा बांधून कळतो आणि साखर रक्ताच्या थेंबावरून समजते. पण दुसऱ्याचे राजकीय किंवा सामाजिक मत आपल्याला कितपत सहन होते, हे कसे मोजणार? वाचकहो, प्रश्न गमतीचा वाटेल. परंतु निवडणुकीच्या दिवसांत झोप न लागणे, छातीत धडधडणे, डोके दुखणे अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण पाहिले, की हा विषय दवाखान्यातलाही आहे हे पटते.

राग आला की शरीरात ॲड्रेनलिन वाढते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. कारण दूर झाले की थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. पण ज्याचा राग येतो तो शेजारीच राहत असेल आणि मोबाइलवरही दिवसभर तोच वाद चालू असेल, तर राग निवायला सवडच मिळत नाही.

नुसते विचारून कळत नाही

'तुम्ही सहनशील आहात का?' असे विचारले तर बहुतेक जण 'हो' म्हणतील. प्यू या अमेरिकन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांना प्रश्न विचारले. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे, असे ८४ टक्के लोक म्हणाले. त्याच पाहणीत, आपल्या समाजातील स्त्रियांना दुसऱ्या जातीत लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे आहे, असे ६४ टक्के लोकांनी सांगितले. तत्त्व विचारले की एक उत्तर येते. घरातली गोष्ट विचारली की दुसरे.

म्हणून अभ्यासकांनी आडवळणाचे प्रश्न काढले. अमेरिकेतील इमोरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये सात पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. परक्या गटातला माणूस सोयरा म्हणून चालेल का, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, बरोबर काम करणारा म्हणून, असे विचारत ती 'देशातच नको' या टोकापर्यंत जाते. आपण कोणत्या पायरीवर अडतो, ते आपले माप.

पुढे सॅम्युएल स्टाउफर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत मोठी पाहणी केली. साम्यवाद्याला किंवा देव-धर्माविरुद्ध बोलणाऱ्याला गावात भाषण करू द्यावे का? महाविद्यालयात शिकवू द्यावे का? त्याचे पुस्तक वाचनालयात ठेवावे का? असे त्यांचे थेट प्रश्न होते. काही वर्षांनी तेच प्रश्न विचारले तेव्हा लोक अधिक सहनशील झालेले दिसले. सर्वांना आनंद झाला.

पण सुलिव्हन, पिअरसन आणि मार्कस या तिघांनी त्यात एक खोच काढली. साम्यवाद्यांचा राग ओसरला असेल, तर त्यांना सोसण्यात विशेष ते काय? त्यांनी १९७८ च्या पाहणीत आधी विचारले, 'तुम्हाला सर्वांत जास्त नावडता गट कोणता?' आणि मग त्या गटाविषयीच प्रश्न केले. तेव्हा सहनशीलता वाढल्याचे चित्र बरेच फिके पडले. लोकांच्या रागाचे निशाण बदलले होते, राग तसाच होता.

मला यात ट्रेडमिलची चाचणी आठवते. खुर्चीत बसलेल्या माणसाचे हृदय अनेकदा ठीकच दिसते; पळवल्यावर खरी स्थिती कळते. आवडत्या माणसाला सोसण्याने सहनशक्तीची परीक्षा होत नाही.

प्रश्न जिवावर येतो तेव्हा

एका ग्रामपंचायत निवडणुकीनंतर एका घरी मला पहाटे बोलावणे आले. पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या छातीत कळ येत होती, अंग घामाने भिजले होते. शेजाऱ्याच्या दारात जीप उभी होती. पण तो दुसऱ्या पॅनेलचा. रुग्ण म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्याच्या गाडीत बसन्यापेक्षा मेलेलं बरं." मलकापूरला जायला दुसरी गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. माणूस वाचला, परंतु हृदयाच्या स्नायूला झालेली इजा कायमची राहिली. हृदयविकारात पहिला तास मोलाचा असतो. तो पॅनेलच्या भांडणात गेला.

आपल्याकडे याहून कडवे मतभेद झाले आहेत. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे सामाजिक सुधारणेवरून त्यांचे बिनसले. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढले आणि दोघांनी लेखणीने एकमेकांना सोडले नाही. पुण्यातील काही लोकांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मात्र १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. आगरकरांची मते टिळकांनाही पटत नव्हती आणि प्रेतयात्रा काढणाऱ्यांनाही. विरोधाची मात्रा कमी नव्हती, पण सहनशक्तीत जमीन-अस्मानाचा फरक होता.

घरच्या घरी तपासणी

ज्यांच्या मताचा तुम्हाला सर्वांत जास्त संताप येतो, असा एक गट मनात धरा. तो पक्ष असेल, पॅनेल असेल, आंतरजातीय लग्नाच्या बाजूचे वा विरोधातले लोक असतील, भेंडवळची घटमांडणी मानणारे किंवा न मानणारे असतील. आता खरे उत्तर द्या.

१. त्यांनी गावात सभा घेतली तर चालेल का?
२. त्यांच्या विचारांचे पुस्तक वाचनालयात असावे का?
३. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या मुलाचा शिक्षक असला तर चालेल का?
४. शेजारी राहायला आला तर?
५. त्याच्या घरच्या लग्नाला आणि मयतीला जाल का?
६. अडचणीत त्याची मदत मागाल का?

सगळी उत्तरे 'हो' आली, तर निवडलेला गट तुम्हाला फारसा नावडता नसावा. दुसरा निवडून पुन्हा पाहा. पहिल्या तीन प्रश्नांतले 'नाही' दुसऱ्याच्या हक्कावर घाला घालते. शेवटच्या तीनमधले 'नाही' आपलेच आधार तोडते. यावरून कोणी रोगी ठरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा उत्तरे लिहा आणि साखरेच्या रिपोर्टसारखी ताडून बघा.

सोसणे म्हणजे मान्य करणे नव्हे. हिंसेला चिथावणी देणाऱ्याला सोसावे, असेही कोणी म्हणत नाही. मात्र ठरवून कोणाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

औषध म्हणाल तर साधे आहे. झोपण्यापूर्वी तासभर राजकीय मजकूर व वादविवाद बंद ठेवा. वाद घालायचा तर समोरासमोर बसून घाला. छातीत दुखले, तर जी गाडी आधी मिळेल तीत बसा. आणि सहाव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले असेल, तर उद्या सकाळी त्या माणसाला नुसता रामराम घाला. त्यासाठी मत बदलावे लागत नाही.