पंचनाम्यापासून वकीलपत्रापर्यंत

समजा, पौडच्या रस्त्यावर पोलिसांनी एक मोटारसायकल अडवली. मागे बसलेल्या पोराच्या पिशवीत गांजा निघाला. गाडी चालवणारा आपल्या वस्तीतला, हिंजवडीला कंत्राटी कामावर जाणारा. दोघांनाही नेले. रात्री त्याची आई कार्यकर्त्याच्या दारात उभी राहते. ‘दादा, माझ्या पोराला काही माहीत नव्हतं,’ यापलीकडे तिला सांगता येत नाही. अशा वेळी कार्यकर्त्याने काय करायचे, त्यासाठी हे टिपण.

अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. कोर्टात त्याला एनडीपीएस म्हणतात. या कायद्यात सारा प्रश्न वजनाचा आहे. गांजा एक किलोच्या आत असेल तर ती अल्प मात्रा. तिला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर गेला की ती व्यापारी मात्रा. मग किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि एक ते दोन लाख दंड. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. चरसाची हीच सीमा शंभर ग्रॅम आणि एक किलो अशी आहे.

म्हणून पंचनाम्यात वजन काय लिहिले, कशाचे लिहिले, हे पहिल्यांदा पाहावे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पाने किंवा बी म्हणजे गांजा नव्हे. देठ-पानांसकट वजन करून आकडा फुगला असेल, तर त्या फरकात माणसाची वर्षे अडकलेली असतात.

व्यापारी मात्रेत जामीन फार कठीण. आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटावी लागते. तिथे दोषारोपपत्राला १८० दिवसांची मुदत असते आणि ती वाढवून मिळू शकते. इतर प्रकरणांत साठ किंवा नव्वद दिवस. मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क ठरतो. मात्र अर्ज ताबडतोब करावा लागतो. दिवस मोजणारा कोणी नसला तर तो हक्क हातचा जातो.

‘जवळ बाळगणे’ म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे. परंतु माल ताब्यात होता एवढे सरकारने सिद्ध केले की जाणीव होती असे कायदा गृहीत धरतो, आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो. म्हणून आपला पोरगा कुठून निघाला, दुसरा गाडीवर कुठे बसला, पिशवी कोणाच्या खांद्यावर होती, कोणी पाहिले, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे.

अंगझडतीपूर्वी, ‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे,’ हे सांगणे कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये ते निःसंदिग्ध केले. पिशवीच्या झडतीला मात्र हे कलम लागत नाही. अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही, हे २०२० च्या तोफान सिंग निकालाने ठरले.

आता वकील. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया आणि कोठडीतला कोणीही यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. ही भीक नव्हे, कलम १२ चा हक्क आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे. असा वकील पैसे मागू लागला तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी.

खाजगी वकील करायचा तर त्याला विचारावे: या कायद्याखालचे खटले निकालापर्यंत चालवलेत काय? तारखेला स्वतः उभे राहाल काय? फी किती, टप्पे कोणते, पावती मिळेल काय? कोर्टाच्या व्हरांड्यात ‘हमखास सोडवतो’ म्हणणाऱ्या दलालाला दागिने विकून पैसे देऊ नयेत. आणि ‘कबूल कर, दंड भरून सुटशील,’ हा सल्ला वकिलाशी बोलल्याखेरीज मानू नये. दंडावर सुटला तरी दोषी ठरल्याची नोंद राहते, नोकरीच्या दारात ती पुन्हा उभी राहते, आणि तशाच गुन्ह्यात पुन्हा सापडल्यास शिक्षेची कमाल दीडपट होते.

२०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईत आर्यन खानला पकडले. त्याच्याजवळ काहीच सापडले नव्हते. देशातले नामांकित वकील उभे राहिले, तरी त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत आणि तुरुंगात काढावा लागला. पुढे २०२२ च्या मे महिन्यात पुराव्याअभावी त्याचे नाव दोषारोपपत्रातून वगळले गेले. ज्याच्या मागे कोणीच नाही त्याचे काय होत असेल, हे वाचकांनीच ताडावे.

गांजाने आपल्या वस्तीतली घरे बसवली आहेत, हेही खरे. अल्प मात्रेसह सापडलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ इच्छीत असेल, तर कलम ६४-अ खाली त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकते. वकिलाला त्याची आठवण करून द्यावी.

१९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जवळकर-जेध्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले आणि अपिलात त्यांनी आरोपींना सोडवले. बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक वस्तीत आहे. त्या फोटोखाली १५१०० हा आकडा आणि कलम १२ खडूने लिहून ठेवले, तर रात्री दार ठोठावणाऱ्या त्या आईला उत्तर मिळेल.