एक उच्चार, तीन ‘ली’

कन्फ्यूशियसच्या विचारांविषयी वाचताना ‘ली’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ कुठे आचारविधी दिलेला असतो, कुठे विश्वाचं तत्त्व, तर कुठे चक्क नफा.

गैरसमज : हे एकाच शब्दाचे तीन अर्थ.

वस्तुस्थिती : शब्दच तीन आहेत आणि प्रत्येकाचं चिनी अक्षर वेगळं आहे. आजच्या प्रमाण चिनी भाषेत विधी आणि तत्त्व यांचा सूरही एकच, नफ्याचा मात्र उतरता. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात.

गैरसमज : ‘ली’ हे विश्वतत्त्व कन्फ्यूशियसने सांगितलं.

वस्तुस्थिती : कन्फ्यूशियसचा काळ इ. स. पू. 551 ते 479. त्याच्या संवादांच्या ‘लुन यू’ या संग्रहात तत्त्ववाचक ‘ली’ एकदाही येत नाही. येतो तो विधीचा. तत्त्वाच्या अक्षराचं मूळ नातं जेड या दगडातल्या रेषांशी आणि त्या ओळखून तो घडवण्याशी. त्याला दर्शनाच्या केंद्रस्थानी आणलं सुंग काळातल्या विचारवंतांनी, विशेषतः चू शीने (1130–1200). विधी म्हणजे त्या तत्त्वाचंच आचरणातलं रूप, असं सांगून त्याने दोन्ही ‘ली’ जोडले. 1313च्या राजाज्ञेने त्याची भाष्यं सरकारी परीक्षांचा आधार ठरली. त्या परीक्षा 1905मध्ये बंद होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या कन्फ्यूशियस वाचला गेला तो बहुतांशी चू शीच्या नजरेतून.

गैरसमज : विधीचा ‘ली’ म्हणजे कर्मकांड.

वस्तुस्थिती : कन्फ्यूशियसवर होणारा सर्वांत मोठा अन्याय मला हाच वाटतो. ‘लुन यू’मधला एक प्रसंग पाहा. विधीप्रमाणे टोपी तागाची हवी, पण लोक रेशमी घालू लागले होते. त्यात काटकसर होती, म्हणून त्याने लोकांची रीत स्वीकारली. राजाला वंदन मात्र सभागृहाच्या पायऱ्या चढण्याआधी, खालूनच करायचं असे. लोक वर जाऊन करू लागले. त्यात त्याला उद्दामपणा दिसला, आणि सगळ्यांविरुद्ध जाऊन तो खालूनच वाकत राहिला. एक नियम सोडला, दुसरा धरला. दोन्ही वेळा त्याने पाहिलं ते कृतीमागचं मन.

गैरसमज : कन्फ्यूशियसपंथी नफ्याच्या ‘ली’ला, म्हणजे संपत्तीलाच पाप मानत.

वस्तुस्थिती : कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला विचारवंत मेन्शियस याने लिआंगच्या हुई राजाला नफ्याची भाषा करण्यावरून टोकलं, हे खरं. राजाने आधी नफा विचारला, तर मंत्री आणि प्रजाही तेच विचारतील आणि राज्य ओरबाडलं जाईल, ही त्याची भीती होती. योग्य मार्गाने मिळणाऱ्या संपत्तीला कन्फ्यूशियसची हरकत नव्हती. अन्यायाने मिळालेली मात्र त्याला नको होती.