हाडाचा दवाखाना आणि बिलाचा कागद

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. त्याच गावातली लष्करी छावणी आणि तिच्या शेजारचे रेल्वेचे मोठे जंक्शन यांची आठवण त्याला सहसा होत नाही. या गावात पलटणीतला शिपाई आणि वाघिणी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातला कामगार असे दोन वर्ग पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. दोघांच्याही कामात हाड मोडण्याचा संभव फार. पण मोडलेल्या हाडाचे बिल हातात येण्याचा प्रसंग, निदान नोकरी असेतोवर, फारच थोडा. शिपाई लष्करी इस्पितळात जातो, कामगार रेल्वेच्या इस्पितळात. तेथे रांगा असतात, डॉक्टर बदलून गेलेले असतात, खाटा अपुऱ्या पडतात. तक्रारीला जागा पुष्कळ असते. मात्र पैसे भरण्याची खिडकी नसते.

ती खिडकी पुढे येते निवृत्तीनंतर. आणि नेमके त्याच वयात गुडघे झिजू लागतात, न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते. निवृत्त सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिच्या दवाखान्याने चिठ्ठी दिली की नोंदलेल्या खाजगी इस्पितळात ठरलेल्या दराने उपचार होतात आणि इस्पितळाने आपले पैसे योजनेकडून घ्यावयाचे असतात. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. पण ज्याने सारी उमर हुकुमाप्रमाणे रांगेत उभे राहण्यात घालवली, त्याला ‘हे योजनेत बसत नाही, याचे वेगळे पडतील’ हे वाक्य प्रथमच ऐकावे लागते, तेही पाय वजनाला टांगलेला असताना. ज्यांना पलटणही नाही आणि रेल्वेही नाही, अशा छावणीतल्या दुकानदारांना व गवंड्यांना १९६८ साली निघालेल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ किंवा मग खाजगी दवाखाना, एवढाच पर्याय राहतो.

अस्थिरुग्णाची स्थिती इतर रोग्यांहून निराळी असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मधुमेही माणूस चार वैद्य पालथे घालू शकतो. मांडीचे हाड मोडलेला मनुष्य उचलून नेला जातो. आपण कोणत्या दारातून आत जातो याची निवड त्याने केलेली नसते. आत गेल्यावर क्ष-किरण चित्र निघते, बाहेरून आणलेले चित्र अपुरे म्हणून पुन्हा निघते, अनामत मागितली जाते. मग कोणीतरी विचारतो, ‘पट्टी देशी घालायची की परदेशी?’ या प्रश्नाचे उत्तर रोगी कशाच्या आधारावर देणार? तो डॉक्टरांच्या मुद्रेकडे पाहतो, मुलगा खिशाकडे पाहतो, आणि बहुधा महाग तेच चांगले असे ठरते. शेवटच्या दिवशी घरी जाण्यासाठी कपडे घालून बसलेल्या रोग्याला बिल तयार होईपर्यंत सायंकाळ होते. अस्थिरुग्णालयांविषयीच्या कटू आठवणी काढल्या जातात तेव्हा शस्त्रक्रियेपेक्षा या सायंकाळीचेच वर्णन अधिक ऐकू येते.

यात रोग्याचा क्षुद्रपणा आहे, असे काही डॉक्टरांना वाटते. पाय जुळवून दिला त्याचे कौतुक नाही, आणि कापसाच्या गुंडाळीवरून वाद! पण थोडा विचार केला तर हे स्वाभाविक आहे असे दिसेल. हाड सरळ बसले की नाही, खिळा योग्य जागी गेला की नाही, हे रोग्याला कळण्याचा मार्ग नाही. साऱ्या उपचारातला त्याला वाचता येण्याजोगा कागद एकच, तो म्हणजे बिल. ज्याचे बिल अस्पष्ट, त्याचे कामही अस्पष्ट असेल, असा तर्क तो करतो. हा तर्क नेहमी खरा नसतो. पण त्याच्यापाशी दुसरे मापच नसते.

उपचार पारखणे किती अवघड, याची साक्ष महाराष्ट्रातीलच एका खटल्यात मिळते. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. वडील स्वतः डॉक्टर होते. फळ्या बांधून, मोटारीतून सुमारे दोनशे मैलांचा प्रवास अकरा तासांत करून त्यांनी मुलाला पुण्यास आणले आणि एका शल्यवैद्याच्या इस्पितळात दाखल केले. वेदनाशामक मॉर्फियाची दोन इंजेक्शने सांगितलेली असता एकच दिले गेले. पुरेशी भूल न देता, माणसांच्या जोराने पाय ओढून हाड बसवण्यात आले व प्लास्टर घातले गेले. सर्व ठीक आहे असे सांगितल्यावर वडील दौंडला परत निघाले. त्याच रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने कायद्याच्या ग्रंथांत गेलेल्या या खटल्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी दिला. रोगी स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही वेळी वैद्याने योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे, असे त्यात स्पष्ट झाले. नुकसानभरपाई तीन हजार रुपये, आणि वाट पाहिली पंधरा वर्षे! डॉक्टर पित्यालाही इस्पितळाच्या दारात उभे राहून काय चालले आहे ते वेळीच उमगले नाही. मग झाशीच्या निवृत्त हवालदाराची काय कथा?

पुढे ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आली. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारे इस्पितळ तेवढे वगळले गेले. याच निकालातले एक कलम छावणीच्या व रेल्वेच्या वस्तीला विशेष महत्त्वाचे आहे. नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक उपचाराचा खर्च सोसत असेल, तर तो उपचार फुकट मानता येत नाही. बिल रोग्याच्या हाती न येवो, ते कोणीतरी भरलेले असते आणि त्याबरोबर जाब विचारण्याचा हक्कही आलेला असतो.

बिलातल्या अंकांवर खरा प्रकाश पडला तो १६ ऑगस्ट २०१७ रोजी. राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा सर्वांत अधिक बसवला जाई, त्याची छापील किंमत सरासरीने १,५८,३२४ रुपये होती. ती कर वगळून ५४,७२० वर आली. धातू तोच, कारखाना तोच, शल्यवैद्याचे कौशल्यही तेच. वरचे लाखभर रुपये कशाचे होते, हा प्रश्न तोवर गुडघा बदलून घेतलेल्या प्रत्येक घरात विचारला गेला असल्यास नवल नाही. त्या आदेशातली दुसरी अट किमतीइतकी गाजली नाही, पण ती अधिक दूरदर्शी होती. इस्पितळाने बिलात गुडघ्याची किंमत वेगळी दाखवावी आणि त्याचे नाव, निर्माता व गट-क्रमांक नोंदवावा, असे त्यात होते.

डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. म्हाताऱ्या माणसाचे हाड उघडल्यावर खडूसारखे भुसभुशीत निघते, पाच स्क्रूंच्या जागी आठ लागतात, रक्त द्यावे लागते. आदल्या दिवशी रुपया-आण्यापर्यंत बिनचूक अंदाज सांगणे कोणालाच शक्य नाही. योजनेकडून पैसे महिनोन्‌महिने न मिळाल्याची लहान इस्पितळांची तक्रारही खोटी नाही. परंतु अंदाज चुकणे आणि अंदाज न सांगणे यांत अंतर आहे. ‘एवढे लागतील, गुंतागुंत झाली तर एवढ्यापर्यंत जाईल’ हे शस्त्रक्रियेपूर्वी लिहून देणाऱ्या डॉक्टरशी रोग्याचे नातेवाईक क्वचितच भांडतात.

उत्तर प्रदेशाने २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारला आहे. त्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक दवाखान्याने आपले दर स्थानिक भाषेत व इंग्रजीत, सहज दिसेल अशा जागी लावावयाचे आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सतरा हक्कांच्या सनदेतही दर आधी कळण्याचा हक्क आहे. ज्याला स्ट्रेचरवरून आत नेतात, त्याला भिंतीवरचा फलक वाचता येत नाही हे खरे. बरोबरच्या माणसाने तो वाचावा आणि न दिसल्यास मागावा.

आणि बिल दिल्यावरही तो कागद फेकू नये. वर्ष-दोन वर्षांनी पट्टी काढण्याची वेळ येते, तेव्हा निराळ्या गावातला निराळा शल्यवैद्य प्रथम हेच विचारतो की आत कोणत्या कंपनीची पट्टी आहे, स्क्रू कोणत्या जातीचे आहेत. कारण त्याच्याच मापाचा पेचकस त्याला आणवून ठेवावा लागतो. बदलीच्या नोकरीत झाशीहून देवळालीस किंवा पुण्यास आलेल्या माणसापाशी पट्टीच्या वेष्टनावरची ती लहानशी चिठ्ठी बिलाला चिकटवलेली असली, तर त्याचे शस्त्रक्रियेच्या मेजावरचे अर्धा-पाऊण तासाचे हाल वाचतात.